ठासणीच्या बंदुकीसाठी मऊ शिसं: शोध आणि ओतकामाच्या नोंदी

७ सप्टेंबर २०२४, शनिवार

सकाळी गणपती बसला. दुपारी प्रसादाची भांडी आवरून झाल्यावर गॅरेजमध्ये येऊन ही वही उघडली.

पेनसिल्व्हेनियात ख्रिसमसच्या दुसऱ्या दिवशी चकमकीच्या बंदुकीचा हरणांचा हंगाम सुरू होतो. १९७४ पासून तो चालू आहे. त्यात गारगोटीच्या ठिणगीवर पेटणारी, तोंडाकडून ठासायची बंदूकच चालते. माझी पॉइंट पन्नास कॅलिबरची आहे. गेली दोन वर्षं विकतच्या गोळ्या वापरल्या, यंदा स्वतः ओतायच्या आहेत.

हिशेब सोपा आहे. साचा पॉइंट ४९० इंचाचा, म्हणजे शुद्ध शिशाची गोळी १७७ ग्रेन, जवळजवळ साडेअकरा ग्रॅम. एका पौंडात साधारण चाळीस गोळ्या. सराव आणि हंगाम मिळून वर्षाला तीनशेच्या वर लागत नाहीत. वीस पौंड शिसं मिळालं तर दोन वर्षं निर्धास्त.

शिसं मऊच हवं. गोळी तेल लावलेल्या चिंधीत गुंडाळून गजाने नळीत ठासायची असते. मऊ गोळी चिंधीचा दाब घेते आणि नळीतल्या आट्यांना नीट बसते. कडक शिसं ठासताना हाताला झुंजवतं. शिवाय शुद्ध शिशापेक्षा ते हलकं असतं, त्यामुळे त्याच साच्यातून निघालेल्या गोळीचं वजन आणि निशाणा दोन्ही बदलतात.

पण घरात सहा वर्षांची मुलगी आहे. म्हणून पहिली अट मऊपणाची नाही. जे शिसं आणेन ते आधी कुठे होतं, हे मला माहीत हवं. नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये म्हणतात. शिशाचं मात्र दोन्ही विचारायचं.

८ सप्टेंबर

बाबांना कुडाळला फोन. आजोबांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक होती. भातात डुकरं उतरायची म्हणून ती घरी असे, निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा व्हायची. गोळ्यांना शिसं कुठून आणायचे, असं विचारलं. बाबा म्हणाले, "अरे, फाटलेल्या पागाचं. जाळ्याच्या काठाला शिशाचे मणी असतात ना, तेच वितळवायचे. परसातल्या चुलीवर, लोखंडी डावात."

मग थोडं थांबून म्हणाले, "आणि तो डाव धुऊन परत स्वयंपाकघरात लटकायचा."

हे वाक्य मी मुद्दाम लिहून ठेवतोय. आजोबा निष्काळजी नव्हते. बंदूक भरलेली कधी घरात आणत नसत, रंजक, म्हणजे पेटवायची बारीक दारू, वेगळ्या शिंगात ठेवत. शिशाबद्दल त्यांना कुणी सांगितलं नव्हतं एवढंच. मला माहीत आहे, त्यामुळे इथला डाव, भांडं, चिमटा आणि तराजू गॅरेजची दारची पायरी ओलांडणार नाहीत.

१४ सप्टेंबर

भंगारच्या यार्डात गेलो. पिट्सबर्ग हे पोलादाचं गाव, त्यामुळे यार्ड मोठं. शिशाचा कोपरा मात्र छोटा: दोन पिंपं, एक लाकडी खोकं, आणि शेजारी गाड्यांच्या बॅटऱ्यांची उतरंड.

बॅटऱ्यांकडे पाहिलंही नाही. यावर इथे सविस्तर लिहितो, कारण भारतातल्या दोन मित्रांनी "बॅटरी फोडली की झालं" असं सुचवलं आणि मला त्यांची काळजी वाटली. आजच्या बॅटरीच्या जाळ्यांमध्ये शिशात कॅल्शियम मिसळलेलं असतं, काहींत अँटिमनी आणि थोडं आर्सेनिक, म्हणजे आपला सोमल. हे वितळवलं की वर जी मळी येते, तिला ओल लागली तर आर्साइन आणि स्टिबाइन हे वायू सुटू शकतात. आर्साइन रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो आणि थोड्या मात्रेतही जीव घेतो. त्यात गंधकाचं आम्ल आणि शिशाच्या क्षारांचा चिखल वेगळाच. अमेरिकेत खनिजापासून शिसं गाळणारी शेवटची भट्टी, मिसुरीतल्या हर्क्युलेनियमची, २०१३ च्या अखेरीस बंद झाली. आता इथलं शिसं मुख्यतः जुन्या बॅटऱ्यांमधून परत मिळवलेलं असतं, पण ते काम बंदिस्त भट्ट्यांचे, धूर गाळणारे कारखाने करतात. परसातल्या शेगडीवर ते होत नाही. मित्रांना दोघांनाही आज फोन करून सांगितलं.

यार्डातल्या पिंपात नळ्या, पत्रे, गोळे, मासेमारीची वजनं असं सगळं एकत्र होतं. काम करणारा मुलगा भला होता, पण कुठला माल कुठून आला हे त्याला सांगता येईना. काही घेतलं नाही.

२१ सप्टेंबर

टायरच्या दुकानातून चाकांची वजनं मिळाली, एक बादली फुकट. दोन तास बसून निवडली. निम्म्याहून जास्त पोलादी निघाली, त्यांच्यावर "एफई" असं कोरलेलं असतं. काहींवर "झेडएन" होतं, म्हणजे जस्त. खुणा नसलेली पक्कडीने चिमटली: जस्ताला दात उमटत नाही, शिशाला खोल उमटतो.

शिशाच्या ढिगात दोन जाती आहेत. रिमच्या कडेला क्लिपने अडकवायची वजनं कडक असतात, त्यांत साधारण तीन टक्के अँटिमनी. रिमच्या आत चिकटवायच्या पट्ट्या बहुधा जवळपास शुद्ध, नखाने ओरखडा उमटणाऱ्या. अशा पट्ट्या पावणेदोन पौंड निघाल्या. गोंद आणि ब्रेकची काळी धूळ यांनी माखलेल्या आहेत. ठेवल्या, पण पहिल्या पसंतीच्या नाहीत. क्लिपवाली एका मित्राला दिली, तो पिस्तुलाच्या गोळ्या ओततो आणि त्याला कडकच लागतात.

२८ सप्टेंबर

आज फसलो.

रविवारच्या जुन्या बाजारात जायची वाट न पाहता एका विक्रेत्याकडून "शुद्ध मऊ शिसं" म्हणून पौंडाच्या दहा लाद्या घेतल्या. नीट ओतलेल्या, चकचकीत. चकचकीत होत्या तिथेच थांबायला हवं होतं. शुद्ध शिसं चार दिवसांत करडं पडतं.

घरी आल्यावर एक लादी काँक्रीटवर टाकली. शुद्ध शिसं "थद्द" करून पडतं. ही टणत्कारली. नख लागेना. मग पेन्सिली काढल्या. चित्रकलेच्या पेन्सिलींचा एक संच मी याच कामासाठी ठेवलाय: टोक सपाट घासायचं आणि धातूवर तिरकं रेटायचं. मऊ शिशाचं सालपट ६बी, ५बी अशा मऊ पेन्सिलीनेही निघतं. या लादीवर एचबीसुद्धा घसरली.

शेवटची परीक्षा पाण्याची, आणि ती इथे नीट लिहून ठेवतो, कारण तिला काहीच खर्च येत नाही. आधी दोन लाद्या कोरड्या तोलल्या: ९०८ ग्रॅम. मग तराजूवर पाण्याचं प्लास्टिकचं भांडं ठेवून काटा शून्यावर आणला. दोन्ही लाद्या दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडवल्या, तळाला आणि भिंतीला न लावता, हातात दोरा धरून. आता काटा जितके ग्रॅम दाखवतो तितके घनसेंटिमीटर त्यांचं आकारमान. शुद्ध शिशाची घनता ११.३४, म्हणजे ८० यायला हवे होते. ८६ आले. घनता साडेदहाच्या आसपास.

कानशीने घासून उजळलेल्या जागेवर म्युरिअ‍ॅटिक आम्लाचा (म्हणजे हायड्रोक्लोरिक) एक थेंब टाकला, हातमोजे आणि चष्मा घालून, उघड्यावर. बारीक बुडबुडे आले. शिशाला येत नाहीत, जस्ताला येतात. कुणीतरी चाकांची वजनं न निवडता एकत्र वितळवली असणार. जस्त शिशात उतरलं की रस दाटतो, लापशीसारखा होतो, आणि घरच्या साधनांनी ते वेगळं काढणं जमत नाही.

दहाच्या दहा लाद्या भंगारात विकणार, आणि त्यांत जस्त आहे हे सांगूनच. न वितळवता तपासल्या हे बरं झालं. एक लादी जरी भांड्यात गेली असती तर सगळं भांडं बाद झालं असतं.

३० सप्टेंबर

सरावाच्या मैदानाच्या बंधाऱ्यातून शिसं उकरायची परवानगी नाही. ठीकच आहे. तिथली माती आणि बारीक धूळच जास्त वाईट.

५ ऑक्टोबर

शेजारचे आजोबा चाळीस वर्षं छपरांचं काम करत होते. त्यांना सहज विचारलं, तर त्यांनी मुलाला फोन लावला. मुलगा आता तोच धंदा करतो. विटांच्या जुन्या घरांवर धुराडं छपराला जिथे मिळतं, तिथे पाणी आत शिरू नये म्हणून शिशाचा पत्रा ठोकलेला असतो. छप्पर बदललं की तो उतरतो. त्याच्याकडे गेल्या आठवड्यात उतरवलेला एक गुंडाळा पडलेला होता. घर १९२० च्या दशकातलं. कुठल्या रस्त्यावरचं, कुठल्या बाजूचं धुराडं, हे त्याने न विचारता सांगितलं. मला नेमकं हेच हवं होतं.

पत्रा हाताने दुमडतो. दुमडताना आवाज नाही, ताण नाही, जाड चामडं वळवावं तसा. बाहेरच्या बाजूने करडा-पांढरा, आतून निळसर. नखाने रेघ ओढली तर चांदीसारखी उजळली आणि माझ्या डोळ्यांदेखत हळूहळू मंद होत गेली. पाण्याची परीक्षा: घनता ११.३ च्या आसपास.

पंधरा पौंड भरला. पौंडाला दीड डॉलर दिला. त्याने घ्यायला नको म्हटलं, मी दिलाच.

कडांना डांबर आणि एका तुकड्यावर रंगाचे पापुद्रे आहेत. इथे घरांच्या रंगात शिसं वापरायला १९७८ मध्ये बंदी आली, त्याआधीचा रंग असेल तर तोही शिशाचाच. रंगाचा तुकडा कापून वेगळा काढला. खरवडला नाही. खरवडण्याने धूळ होते आणि धूळच घरात शिरते. डांबराच्या कडा कात्रीने उडवल्या.

६ ऑक्टोबर

त्याच छपरवाल्याच्या ओळखीने एक प्लंबर भेटला. प्लंबर हा शब्दच मुळात शिशाच्या लॅटिन नावावरून, प्लंबम वरून आलाय, हे त्याला माहीत होतं आणि त्याला त्याचा अभिमान होता.

२०१६ मध्ये पिट्सबर्गच्या नळाच्या पाण्यात शिशाचं प्रमाण केंद्राने आखलेल्या पातळीच्या वर गेलं, तेव्हापासून शहर घरांना जोडणाऱ्या शिशाच्या नळ्या उखडून काढतंय. नव्या कामात शिशाच्या नळ्यांवर १९८६ पासून बंदी आहे, पण जमिनीत शंभर वर्षांपूर्वीच्या अजून आहेत. याने खाजगी घरातून काढलेली एक नळी दिली, सहा पौंडांची. शिसं शुद्ध, उत्तम. फक्त आत पांढरट थर आणि दोन्ही टोकं चेपून बंद केलेली.

बंद टोकांची नळी वितळत्या भांड्यात टाकायची म्हणजे आपल्या हाताने स्फोट करायचा. आत चमचाभर पाणी असलं तरी त्याची वाफ क्षणात सतराशेपट फुगते आणि अख्ख्या भांड्यातलं शिसं वर उडवते. नळी उभी चिरून उघडली, हाताच्या कात्रीने, करवतीने नाही. आतून खरोखरच ओली होती. गॅरेजच्या खिडकीत, उन्हात, उघडी पसरून ठेवली. दोन आठवडे तिथेच राहील.

जुन्या बिडाच्या सांडपाण्याच्या नळांच्या सांध्यांत ताग कोंबून वर शिसं ओतलेलं असतं, तेही मऊ असतं, असं त्याने सांगितलं. पण त्या सांध्यांतून काय वाहिलंय ते आठवून मी नको म्हटलं.

१२ ऑक्टोबर, दसरा

सकाळी साचा, गज, शिंग आणि चकमकीची गारगोटी पाटावर मांडून हळदकुंकू वाहिलं. मुलीने झेंडूचं फूल ठेवलं. साचा अजून कोरा आहे, शिशाचा स्पर्शही झालेला नाही, म्हणून तिला हात लावू दिला. यापुढे नाही.

१३ ऑक्टोबर

आज लाद्या ओतल्या. परसात, मोकळ्यावर, वारा पाठीमागून येईल असा उभा राहून. मायलेकी दिवसभर बाहेर गेल्या होत्या. प्रोपेनची शेगडी, बिडाचं भांडं, पूर्ण सुती कपडे, चामडी हातमोजे आणि बूट, चेहऱ्यासमोर ढाल, तोंडावर पी१०० गाळणीचा मुखवटा.

थंड भांड्यात पत्र्याचे तुकडे भरले आणि मग आच लावली. वितळलेल्या रसात नवा तुकडा टाकला नाही. दुसरा घाणा घ्यायचा तर भांडं रिकामं करून, निववून, पुन्हा थंडच भरायचं. वेळ जातो, जाऊ दे.

शिसं ३२७ अंशांना वितळतं. ते एकदम होत नाही. पत्रा आधी खाली बसतो, कडा ओघळतात, आणि मग एका क्षणी सगळा ढीग आरशासारखा सपाट होतो. चुना, माती, खिळे सगळं वर तरंगतं. डावाने काढून घेतलं. मेणाचा तुकडा टाकून ढवळलं, धूर पेटवून दिला, पुन्हा मळी काढली. उष्णता ३७० च्या पुढे जाऊ दिली नाही.

जरा वेळ न ढवळता ठेवलं की आरशावर पिवळसर साय धरते. ते मुर्दाडशिंग. तेच आणखी भाजलं की शेंदूर होतो, मारुतीला लावतात तो. लहानपणी देवळातून येताना बोटाला लागलेला शेंदूर आम्ही कपाळाला पुसायचो आणि त्याच हाताने प्रसाद खायचो. या तापमानाला शिशाची वाफ फार थोडी होते. खरा धोका या सायीचा आणि मळीचा: कोरडी, हलकी, बोटांना चिकटणारी, बोटांवरून तोंडात जाणारी. मळी झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात भरली, डब्यावर लिहिलं, काउंटीच्या घातक कचरा संकलनाच्या दिवशी नेऊन देईन. कचऱ्याच्या पिशवीत नाही.

चौदा पौंडांच्या लाद्या निघाल्या. प्रत्येकीवर खिळ्याने कोरलं: "छप्पर, ऑक्टो. २४".

कपडे गॅरेजमध्येच उतरवून वेगळ्या पिशवीत. ते वेगळे धुतले जातील. हात, चेहरा आणि नखं आधी गॅरेजमधल्या बेसिनवर, मग आंघोळ. फरशी ओल्या फडक्याने पुसली. झाडू मारला नाही.

१९ ऑक्टोबर

दातांच्या एका जुन्या दवाखान्याची खोली पाडताहेत, तिथला कंत्राटदार शिशाचा पत्रा देतोय असा निरोप आला. एक्स-रेच्या खोलीच्या भिंतीत बसवलेला पत्रा. घरात लगेच प्रश्न आला: "त्यात किरण साठलेले नसतील ना?" नाही. एक्स-रे शिशात अडतात, शिशाला किरणोत्सर्गी करत नाहीत. यंत्र बंद झालं की किरण संपले. अणुऔषधांच्या विभागातल्या किंवा प्रयोगशाळेतल्या विटा आणि डब्यांची गोष्ट वेगळी. तिथे किरणोत्सर्गी द्रव्य प्रत्यक्ष सांडलेलं असू शकतं, त्यामुळे तपासून मोकळं केल्याचा कागद असल्याशिवाय त्यांना हात लावायचा नाही.

पत्रा सोळांश इंच जाडीचा, चौरस फुटाला साधारण चार पौंड. स्वच्छ, सुका, रंग नाही, डांबर नाही. चार चौरस फूट घेतला. इतकं चांगलं शिसं या शोधात दुसरं मिळालं नाही. बंदुकीचा माझ्यासारखा छंद असणाऱ्या कुणी मला विचारलं तर मी छपराच्याही आधी याचं नाव घेईन.

२७ ऑक्टोबर

गोळ्या ओतल्या. दोन घरांचा अ‍ॅल्युमिनियमचा साचा, पळीने.

पहिल्या वीस गोळ्या सुरकुतलेल्या निघाल्या, साचा गार होता. साच्याचा कोपरा रसात टेकवून तापवला. मग गोळी गुळगुळीत यायला लागली. शुद्ध शिसं साच्यात भरायला थोडी जास्त आच मागतं, आज ४०० अंशांच्या जरा वर ठेवली. त्याहून जास्त झालं की गोळीवर दहिवर पडल्यासारखा मळकट पांढरेपणा येतो.

साच्याच्या वरच्या पट्टीवर शिशाची शेंडी उरते. ती चमक सोडून करडी झाली की मनात तीन मोजायचे आणि पट्टी लाकडी दांडक्याने फिरवायची. शेंडी सुटते, साचा उघडतो, गोळी ओल्या नव्हे, कोरड्या जाड कापडावर पडते. पाण्याची बादली या कामाच्या आसपास नको. ठासताना गोळीचा तो शेंडी कापलेला सपाट ठिपका बरोबर वर, मध्यभागी ठेवायचा असतो.

एकशे चाळीस ओतल्या, एकशे अकरा ठेवल्या. एक-एक तोलली. बहुतेक १७६ ते १७७ ग्रेन. १७५ च्या खालच्या परत भांड्यात जातील, त्यांच्या पोटात हवेचा बुडबुडा असतो.

९ नोव्हेंबर

मैदानावर. पन्नास यार्डांवर पाच गोळ्या तळहाताएवढ्या जागेत. ठासताना गज एका लयीत खाली गेला. चिंध्या उचलून पाहिल्या: कडा उसवलेल्या, मधे जळलेल्या नाहीत.

२३ नोव्हेंबर

रक्ताचे अहवाल आले. काम सुरू करण्याआधी सप्टेंबरात मी शिशाची तपासणी करून घेतली होती: १.६ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर. आता १.८. मुलीची १ च्या खाली, आधीसारखीच. मुलांसाठी इथे ३.५ ही संदर्भपातळी २०२१ पासून धरतात, पण मुलांच्या बाबतीत सुरक्षित म्हणावी अशी पातळी नाही, त्यामुळे मी ३.५ कडे पाहतच नाही. तिचा आकडा जागचा हलला तर साचा विकून टाकायचा, हे बायकोला पहिल्याच दिवशी सांगितलंय.

२६ डिसेंबर

पहाटे पाचला निघालो. बर्फ घोट्यापर्यंत. चामड्याच्या पिशवीत सहा गोळ्या, सगळ्या छपराच्या शिशाच्या. साडेनऊला ऐंशी यार्डांवर एक मादी दिसली. माझा पल्ला साठचा, त्यामुळे बंदूक उचलली नाही. संध्याकाळी माघारी येताना बार मातीच्या बांधात काढून टाकला.

कधी शिकार मिळाली तर जखमेभोवतीचं मांस रुंद कापून टाकायचं आणि आतडी खोल पुरायची. उघड्यावर टाकलेल्या आतड्यांतले शिशाचे कण गरुडांच्या पोटात जातात आणि ते त्याने मरतात.

शिल्लक: छप्पर साडेदहा पौंड, दवाखाना सोळा पौंड, नळी सहा पौंड अजून न वितळवलेली, पट्ट्या पावणेदोन. सगळं झाकणाच्या लाकडी पेटीत, कुलूप लावून. बाबांना फोटो पाठवला. त्यांनी विचारलं, "डाव कुठे ठेवलायस?"

पेटीतच ठेवलाय.